एक सूत म्हणजे एकशे सत्तावीस

नमुन्याचा कुर्ता शाळेतून परत आला, तेव्हा मी अडतीसच्या मापाचे कागद एकाला एक चिकटवत होते. पिशवीत घडी केलेला कुर्ता आणि वर मोठ्या बाईंची चिठ्ठी. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. चिठ्ठी चार ओळींची होती. मुलीने हात वर केला की बगलेत ओढ बसते. गेल्या वर्षीपर्यंत असे कधी झाले नाही. गुरुवारी दुसरा नमुना आणावा. तोही असाच असेल तर यंदा तयार गणवेश घ्यावे लागतील.

मी ती चिठ्ठी चारदा वाचली. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला लिहिलेल्या कागदाची एक धास्ती असते. आपल्यालाच नीट वाचता आलं नसेल, असं आधी वाटतं. पण यात न समजण्यासारखं काही नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत कापड चाचा कापत होते. यंदा मी कापणार होते, आणि तेही प्रिंटरच्या भरवशावर. त्या दिवशी सोमवार होता.

चाचा अकोल्याचे, कटिंग मास्तर. लग्न होऊन मी चंदगडहून अकोल्याला आले तेव्हा आमच्या खोलीसमोर त्यांचं दुकान होतं. चंदगड कुठे, अकोला कुठे. माहेरी जायचं तर जाण्यातच दीड दिवस मोडायचा. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं होतं, इथे माणसं राहतात तरी कशी. बोलणंही अंगावर यायचं. शेजारीण विचारायची, "काय करून राहिली वं?" आणि मला वाटायचं, ही माझ्यावर कशाला रागावली. नवरा डाळ मिलमध्ये फिटर, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. मी दारात बसून समोरच्या दुकानातली कात्री बघत राहायची. एक दिवस चाचा मान वर न करता म्हणाले, "पोरी, फुकट काहून पाहून राहिली? आत ये, काजं कर."

मी आत गेले आणि सहा वर्षं तिथेच बसले. आधी काजं, मग हातशिलाई, मग बाह्या, मग कात्री. त्यांनी कधी वहीत लिहून दिलं नाही, कधी फळ्यावर काढून दाखवलं नाही. अर्ध्यात शाळा सुटलेल्या मला ते बरंच होतं. आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या दुकानातलं आहे, हे मी कोणालाही सांगते.

पुढे नवऱ्याला अमरावतीला काम लागलं. तिथे एका खोलीत मी चार मशीन टाकल्या. ती मुलींची शाळाही अमरावतीचीच. पंचवीस-तीस वर्षं तिचे कुर्ते चाचांच्या कटिंगचे. दर उन्हाळ्यात ते अकोल्याहून येऊन पंधरा दिवस राहायचे, कापड कापून द्यायचे आणि शिलाई गावातल्या बायका करायच्या. शेवटची काही वर्षं हे सगळं माझ्याच खोलीत चालायचं. यंदा होळीनंतर त्यांचा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. खडूची रेघ अशी यायची, की तिच्यावरून कात्री न्यायची कोणाची हिंमत होऊ नये. त्यांनी माझ्यासमोर मोठ्या बाईंना फोन लावला. "बाई, यंदा पोरगी कापन. कुर्ता तोच राहीन. माही जबान हाये." फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आइकलं ना?"

ऐकलं होतं. 

दीडशे कुर्ते होते, सव्वीसपासून अडतीसपर्यंत सात मापांचे. चाचांनी आपले फर्मे, म्हणजे पुठ्ठ्याचे साचे, पिशवीत घालून दिले. पण फर्मे तीनच होते: अठ्ठावीस, बत्तीस आणि छत्तीस. बाकीची मापं ते त्यांवरूनच हाताने काढायचे, इथे अर्धा इंच, तिथे दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचा सगळा धंदा तेवढ्यात चालतो. त्यांच्या दुकानात मीही अशी मापं काढली होती, पण ते पाठीमागे उभे होते म्हणून. आता एकटीने काढायची म्हटल्यावर एकाही मापाची खात्री वाटेना. एक रेघ चुकली की खाली वीस थर कापड चुकतं.

माझ्या खोलीशेजारी टोनर भरून देणाऱ्या भाऊंचं दुकान आहे. पुठ्ठ्याची तुकड्यातुकड्यांनी झेरॉक्स काढून ती लहानमोठी करता येईल का, हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले.

"होते ना," भाऊ म्हणाले. "पण मंग सगळंच लहानमोठं होते. तुमचा गळा पण वाढन अन् खांदा पण. त्याच्यापेक्षा मशीनलेच सांगा ना ताई, इथून इथपर्यंत रेघ मार म्हणून."

"मशीनला कसं सांगायचं?"

कोपऱ्यात एका बंद पडलेल्या ऑफिसातला जुना लेझर प्रिंटर होता. त्यावर हात ठेवून भाऊ म्हणाले, "हा म्हातारा हाये, पण याले थेट हुकूम समजते. याच्यात पेन नाही. पण पेन हाये असं समजून बोलाचं. पीयू म्हंजे पेन उचल, पीडी म्हंजे पेन टेकव. मंग दोन आकडे, आडवं किती अन् उभं किती. बस."

खडू उचलायचा आणि खडू टेकवायचा. मला ते उभ्या उभ्या कळलं. आयुष्यात काही एवढं पटकन कळलेलं मला आठवत नाही.

"आणि आकडे? इंचात सांगायचे?"

"इंचाचे एक हजार सोळा भाग करते थो."

मी मनातल्या मनात आठने भागलं. तेवढं गणित शाळेतून शिल्लक होतं. एकशे सत्तावीस. खाली बाकी काही उरत नाही. एक सूत म्हणजे एकशे सत्तावीस. ही रीत ठरवणाऱ्यांच्या घरात कोणीतरी शिंपी असावा, असं मला वाटून गेलं.

भाऊंनी तो प्रिंटर आणि एक जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणून जोडला. एक छोटी फाइल करून दिली आणि बजावलं, "पहिल्या ओळीत एक अक्षर हाये, थे दिसत नाही. सत्तावीस नंबरचं. थे आलं का प्रिंटरले समजते, आता वाचाचं नाही, आइकाचं. शेवटच्या ओळीत पण तसंच हाये. या दोन ओळींले हात लावू नका. मधात काय लिहाचं थे लिहा."

पहिल्याच दिवशी माझ्याकडून ती पहिली ओळ पुसली गेली. प्रिंटरने माझे सगळे हुकूम जसेच्या तसे अक्षरांत छापून दिले. पीयू, पीडी आणि आकडे, पीयू, पीडी आणि आकडे, पानामागून पान. थांबवायचं कसं ते मला माहीत नव्हतं. शेवटी मी कागदाचा ट्रेच ओढून काढला आणि धावत भाऊंना बोलावलं. त्यांनी पानं चाळली. "चांगलं वाचून देल्लं की त्यानं. आइकलं नाही फक्त."

दुसऱ्या दिवशी कुर्ता उलटा आला, खांदे खाली आणि घेर वर. आपण कापडावर वरून खाली मोजतो आणि हा खालून वर मोजतो. तिसऱ्या दिवशी एका आकड्यातलं शून्य राहिलं आणि रेघ खांद्यावरून निघून थेट पानाच्या कोपऱ्यात गेली. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मुंढ्याने. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते तो गोलवा. चौकडीच्या कागदावर पुठ्ठा ठेवून मी त्याच्या कडेने दोन दोन सुतांवर एक बिंदू घेतला. एका मुंढ्याला एकतीस बिंदू, म्हणजे बासष्ट आकडे. प्रत्येक आकडा एकशे सत्तावीसच्या हिशेबाने वहीत लिहायचा, मग टाइप करायचा, मग वहीवर बोट ठेवून पुन्हा वाचायचा. मधली मापं दोन फर्म्यांच्या आकड्यांच्या मधोमध काढली, टोकाची दोन त्याच फरकाने पुढे-मागे.

मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. कागदाच्या चारी कडांना एक बारीक पट्टी असते, तिथे हा प्रिंटर छापू शकत नाही. तिथे रेघ मार म्हटलं तर तो नाही म्हणत नाही. लाल दिवा लावत नाही, आवाज करत नाही. तेवढी रेघ सोडून देतो आणि पुढच्या हुकमाला लागतो. मी प्रत्येक पान शेजारच्या पानावर अर्धा इंच चढेल असं केलं, जोडायच्या जागी फुल्या छापल्या, तरीही रोज उठून वाटायचं, याने काहीतरी गाळलंय आणि मला सांगितलेलं नाही.

म्हणून मोठ्या बाईंची चिठ्ठी आली तेव्हा मी आधी त्यालाच धरलं. सात इंचाची एक सरळ रेघ छापायला लावली. पोलादी पट्टीने मोजली तर केसभर आखूड. चूक सापडली असं वाटलं. मग लक्षात आलं, कागद आतून तापून, आक्रसून आला होता. कूलरसमोर तासभर ठेवला आणि परत मोजला. बरोबर सात इंच. मग मला टेपचा संशय आला, कारण कापडी टेप वापरून वापरून लांबते. नवी टेप आणली, दोन्ही शेजारी धरल्या. सारख्या. मग छापलेला बत्तीसचा कागद आणि चाचांचा बत्तीसचा पुठ्ठा एकत्र धरून खिडकीच्या काचेवर लावले. उन्हात दोन्हींच्या कडा एक झाल्या. कुठेही फरक नव्हता. नमुना उसवून पाहिला, कात्री रेघेवर होती. शिलाईची जागा अर्धा इंच होती. कुर्ता होता तसा परत शिवला. हे सगळं करण्यात मंगळवार गेला.

चूक सापडली असती तर मी दुरुस्त केली असती. सगळं बरोबर आहे आणि कुर्ता चूक आहे, याचं काय करायचं ते मला कळेना. त्यातून गेल्या वर्षीचं आठवायला लागलं. गेल्या वर्षी शेवटचे वीसेक कुर्ते मीच कापले होते, याच पुठ्ठ्यांवरून, खडूने. त्यातला एकही परत आला नव्हता.

"चाचांना विचार की," नवरा म्हणाला.

"काय विचारू? तुमचा शब्द मी घालवला, म्हणून?"

"घालवला नाहीस अजून. उद्याचा दिवस आहे."

बुधवारी सकाळच्या बसने मी अकोल्याला गेले. मांडीवर कुर्ता, पुठ्ठे आणि गुंडाळलेले कागद. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तीनदा ठरवलं की चाचांना म्हणायचं, तयार गणवेश घेऊ देत त्यांना. आणि तीनदा त्यांचा तो फोन आठवला.

चाचा दुकानातल्या खाटेवर बसले होते. दुकान आता नावालाच होतं, मशीनवर चादर टाकलेली. कुर्ता हातात घेऊन त्यांनी बगलेत दोन बोटं घातली.

"तंग हाये."

"माहीत आहे, चाचा. कागदात आणि फर्म्यात फरक नाही. मी काचेवर धरून पाहिलं."

"मंग कात्री चुकली असन."

"कात्री रेघेवर आहे."

"शिलाई?"

"अर्धा इंच. मोजली."

"सगळंच मोजलं तुनं," आतून चाची म्हणाल्या. त्या पाणी घेऊन बाहेर आल्या. "मंग डोळे काहून लाल झाले?"

"ऊन लागलं, चाची."

"हो. बसमधे लय ऊन असते."

मी पाणी प्यायले आणि चाचांना म्हटलं, तुम्ही एकदा बत्तीस काढून दाखवा, मला बघायचंय. त्यांनी हात पुढे केला. पानासारखा हलत होता. "या हातानं?"

"मी पुठ्ठा धरते, तुमी काढा," चाची म्हणाल्या. "पोरगी एवढ्या उन्हात आली."

खाकी कागद अंथरला. चाची दोन्ही तळव्यांनी पुठ्ठा दाबून बसल्या आणि चाचा खडू फिरवायला लागले. गळा, खांदा, मुंढा. रेघ थरथरत होती, पण पुठ्ठ्याची कड सोडत नव्हती. बगलेच्या कोपऱ्यावर, म्हणजे मुंढा संपून बाजूची शिवण सुरू होते तिथे, त्यांचं मनगट बाहेर वळलं. खडू आडवा झाला, रेघ पुठ्ठ्यापासून सुटली आणि चार बोटं खाली येऊन परत कडेला टेकली. मला वाटलं, हात हलला. पुठ्ठा उचलल्यावर सवयीने मी तिथे टेप लावली. दोन सूत. मग मागचा भाग काढला. त्या कोपऱ्यालाही दोन सूत.

"चाचा, इथे हात हलला का?"

त्यांनी वाकून पाहिलं. "हलला कोठी? हे असंच असते."

"फर्म्यात नाहीये हे."

"फर्म्यात काहून राहीन?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे उस्ताद त्यांना म्हणाले होते, पुठ्ठा दिवसभर भिंतीवर टांगलेला असतो, कोणीही उतरवून नेईल. म्हणून बगलेतलं पुठ्ठ्यात ठेवायचं नाही, हातात ठेवायचं. मी यायच्या कितीतरी आधी एका कारागिराने चाचा नमाजला गेलेले पाहून तिन्ही फर्मे कागदावर उतरवून घेतले होते आणि रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं होतं.

"दिवाळीपर्यंत टिकला," चाचा म्हणाले. "त्याचे कुर्ते ओढून राहिले. त्यानं मशीन बदलली, धागा बदलला, कारागीर बदलले."

"बायकोले पण बोलला असन," चाची म्हणाल्या. "पण मनगट कोठून आणन."

ते दोघं हसत होते. मला हसू येईना. त्या माणसाने जे केलं तेच मी केलं होतं, फक्त एकशे सत्तावीसच्या हिशेबाने, जास्त काळजीपूर्वक.

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

चाचांचं हसू थांबलं. "तुले? तुले काय सांगाचं. घे, काढ." त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

चाचींनी पुन्हा पुठ्ठा धरला. मी नेहमी काढते तसं काढलं, फारसा विचार न करता. पुठ्ठा उचलला. बगलेच्या कोपऱ्यावर माझी रेघ सुटलेली होती. टेप लावली. दोन सूत, मागेही दोन सूत.

"पाह्य," चाचा म्हणाले. "तुह्या हाताले मालूम हाये. त्या मशीनले हात कोठी हाये?"

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. सहा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले होते आणि ते कोपऱ्यावर वळतात तशी वळायला शिकले होते, आणि मी ते शिकले आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षीचे वीस कुर्ते म्हणून बसले.

पण गुरुवार उद्यावर होता. मी म्हटलं, "चाचा, मग हा आकडा हुकमात घालावा लागेल. लिहावा लागेल."

त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. लिहिलं म्हणजे ते भिंतीवर टांगल्यासारखंच.

"लिहिलं का कोणी पण वाचन."

"हो."

"थो मशीनवाला?"

"शोधलं तर त्यालाही दिसेल. मी खोटं कशाला सांगू. नाहीतर मी सगळं खडूने काढते, दीडशेच्या दीडशे. पण बाकीची मापं मला एकटीला नक्की येतील का, याची मला खात्री नाही. भीती वाटते मला."

चाचांनी खाटेची दोरी बोटाने खाली-वर केली. बाहेरून भाजीची गाडी ओरडत गेली. मी मनात म्हणत होते, नाही म्हणाले तर बरं. मग मी शाळेला नाही म्हणेन आणि दोष कोणाचाच राहणार नाही.

"शाळेले जबान देल्ली तवा विचार नाही केला," चाची म्हणाल्या. "हात तर आता चालत नाही. हे संगं घेऊन जाता का मातीत?"

"तू चूप बस."

"बसली."

मग चाचा मला म्हणाले, "खडू ठेव खाली. आइक." आणि त्यांनी बगलेशिवाय आणखी दोन जागा सांगितल्या, कुठे आणि किती सूत. त्या मी इथेही सांगणार नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "लिहू नको. ध्यानात ठेव. तथी गेली का मशीनले सांग, बसमधे कोणाले सांगू नको."

परतीच्या बसमध्ये मी ते आकडे ओठातल्या ओठात घोकत होते. पेन पिशवीत होतं आणि मी ते काढत नव्हते. एकदा दोन आणि दीडची अदलाबदल झाली असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेजारची बाई बडनेऱ्यापर्यंत पाहत होती, मग न राहवून म्हणाली, "जप करून राहिली का बाई?" मी मान हलवली.

घरी आल्याबरोबर कॉम्प्युटर सुरू केला. दोन सूत म्हणजे दोनशे चोपन्न. ते मी वेगळं कुठेच लिहिलं नाही. कोपऱ्याच्या बिंदूच्या आकड्यात मिळवून टाकलं, खालच्या बिंदूंत कमी कमी करत नेलं. बघणाऱ्याला फक्त बेरीज दिसेल. दुसऱ्या दोन जागांचंही तसंच केलं. संध्याकाळी बत्तीसचा कागद निघाला. मी तो पुठ्ठ्यावर ठेवला नाही, अकोल्याहून आणलेल्या खाकी कागदावरच्या चाचांच्या थरथरत्या रेघेवर ठेवला. रेघ त्याच्या दोन्ही बाजूंनी डुलत होती, पण मधोमध हाच होता.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाईंनी त्याच मुलीला बोलावून मी रात्रीत शिवलेला नवा कुर्ता घालायला लावला आणि फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहायला सांगितली. मुलीने लिहिली. बाईंनी तिला पुसायला सांगितली. तिने पुसली.

"हा मास्तरांचा कुर्ता," बाई म्हणाल्या. "परवाचा कोणी कापला होता?"

"मीच कापला होता," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "कापा."

कापड अंथरलं त्या सकाळी चाचांना फोन लावून बाजूला ठेवला. कात्री लावताना ते तिकडून बिस्मिल्ला म्हणाले आणि मी इकडे आमच्या गावच्या देवीचं नाव घेतलं. चार दिवसांत दीडशे कुर्ते कापून झाले.

त्यातच एक दिवस भाऊ आले. वरूडला त्यांची चुलत बहीण शिलाई करते, संत्र्याचं पॅकिंग बंद झालं की बायकांना तेवढंच काम असतं. तिच्याकडेही जुना प्रिंटर बसवून देणार होते. म्हणाले, "ताई, ही कुर्त्याची फाइल द्या ना. तिले लय काम येईन."

या माणसाने मला पेन उचलण्यापासून सगळं शिकवलं होतं. एक आकडाही लपवला नव्हता. त्याला नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? जुनी फाइल, पुठ्ठ्याबरहुकूम असलेली, देऊन टाकावी असं एकदा मनात आलं. त्याला कळलं नसतं. तिकडे वरूडला ती बाई दिवाळीपर्यंत धागे बदलत बसली असती.

मी त्यांना दोन तास थांबायला सांगितलं. फाइलमधून बगलेचे आणि त्या दोन जागांचे बिंदू काढून टाकले. आता रेघ तिथपर्यंत यायची, पेन उचललं जायचं आणि पुढे परत टेकायचं. मध्ये कोरं. एक प्रत छापून त्यांच्यासमोर ठेवली.

"हे अधुरं हाये."

"हो. तेवढं तिने तिच्या मास्तरांकडून घ्यावं. ते माझं नाही, भाऊ, मला देता येत नाही. अधुरं आहे हे तिला दिसायला पाहिजे, म्हणून मोकळं सोडलंय."

भाऊंनी कागद आडवा-उभा धरून पाहिला. मला वाटलं, आता हे दुखावले. "मास्तरीण झाली म्हणा की तुमी," ते म्हणाले आणि फाइल घेऊन गेले. दुखावले की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. टोनर मात्र तेच भरून देतात.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. उघडली त्या दिवसापासून मी फोन उशाशी घेऊन बसले. नमुना एक बत्तीसचा बसला होता. बाकी सहा मापं कोणाच्या अंगाला लागली नव्हती. सव्वीसचं काय, अडतीसचं काय? पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी शाळेच्या शिपाईबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. पिशवीत दोन कुर्ते होते. दोन्हींना कागदाचा तुकडा टाचलेला, बाईंच्या त्याच अक्षरात. उंची कमी.

"आणि बगलेत?" मी विचारलं.

"बगलेत काय?" शिपाईबाई म्हणाल्या. "पोरी वाढल्या सुट्टीत."

मी तिथेच चाचांना फोन लावला. सांगितलं की दोन परत आले.

पलीकडून अगदी हळू, "कोठी ओढते?"

"कुठेच नाही, चाचा. उंची कमी आहे. एक तीसचा, एक चौतीसचा."

"उंची?" त्यांचा आवाज एकदम चढला. "उंची मोजता येत नाही तुले? बगल जमली अन् उंची नाही जमत? पोरीच्या जातीले वाढ असते, दोन बोटं जास्त सोडाची असते, हे कोणी सांगाचं? मशीन सांगन?" मागून चाची काहीतरी म्हणत होत्या आणि ते त्यांनाही बोलत होते.

मी सगळं ऐकून घेतलं, हो चाचा म्हटलं, चुकलं म्हटलं. फोन ठेवला, कात्री घेतली आणि दोन्ही कुर्त्यांची खालची दुमड उसवायला बसले. आत पुरेसं कापड होतं. शिपाईबाईंना म्हटलं, दहा मिनिटं बसा, घेऊनच जा.